जुना कार्ब्युरेटर आणि आमचा ऊस

जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतला ऊस विघ्नहर किंवा भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे निघाला, कीं त्याची सांगता साखरेंत होते असें आपण समजतों. परंतु आतां उसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांतहि मिसळतात. २०२५ सालीं हें प्रमाण देशांत सुमारें २० टक्क्यांवर पोंचलें. नव्या मोटारी तें पचवितात. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत झालेल्या एम्. जी. टी. सी. सारख्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीला मात्र तें जड जातें.

तिच्या इंजिनाला दोन एस्. यू. कार्ब्युरेटर असतात. इंजिनानें हवा ओढली, कीं आंतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला जडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरते व पेट्रोलाला वाट मोकळी होते. १९१० सालीं कंपनी काढणाऱ्या स्किनर बंधूंची ही रचना. त्यांचें घराणें जोड्यांच्या धंद्यांतलें. पहिल्या नमुन्यांत पिस्टनाऐवजीं चामड्याचा भाता होता. चामड्याच्या कामाला हलकें लेखणाऱ्या आपल्या समाजानें हें ध्यानांत धरावें.

इथेनॉलांत प्राणवायु असल्यानें मिश्रणांत इंधन कमी पडतें. शिवाय तें पाणी शोषतें व जुनें रबर खराब करितें. गाडी अडखळली, कीं पुष्कळांस स्क्रू पिळण्याचीच बुद्धि होते. पण थ्रॉटलचा दांडा झिजला असेल, तर फटींतून हवा शिरतच राहते. स्क्रूनें तो दोष जात नाहीं. जाणता कारागीर दोन्ही कार्ब्युरेटर निरनिराळ्या ताटांत सोडवितो, कारण प्रत्येक पिस्टन आपल्याच घुमटाशीं जुळविलेला असतो. तो ते पुसतो, घासकागद लावीत नाहीं. झिजलेला दांडा, सुई व जेट बदलतो, इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या घालतो. उचलून सोडलेला पिस्टन खट्कन खालीं बसला, तरच पुढें जातो. मग दोन्हींची हवा सारखी करितो आणि शेवटीं जेट किंचित खालीं घेऊन पेट्रोल वाढवितो.

आमचें मत असें, कीं ही केवळ हौस नव्हे. कारण शोधून मगच उपाय करण्याची ही शिस्त आहे. २०२० पूर्वींच्या पुष्कळ दुचाक्यांनाहि कार्ब्युरेटरच आहे. तेव्हां ही विद्या आपल्या दारींहि उपयोगी पडेल. म्हणून पालकांस विनंती, कीं मुलगा वा मुलगी तेलकट हातांनीं घरीं आल्यास "शिकून हेंच का केलेंस?" असें विचारूं नये. नाझरेथांत आपल्या प्रभूनेंहि सुताराचें काम केलें. आमचा ऊस देशाच्या इंधनांत जातो. त्या इंधनाचे गुणदोष जाणणारीं मुलेंहि आमच्याच गांवांत घडावींत.