लाजवर्द



मागच्या महिन्यात बहिणीकडे फर्दापूरला गेलो होतो. अजिंठ्याच्या टी-पॉइंटवर भाच्याचा रंगीत दगडांचा ठेला आहे. तिथे निळ्या मण्यांच्या माळेवर चिठ्ठी होती, 'असली लाजवर्द'. या वेळी हाच शब्द घेऊ.

लाजवर्द हा फारसी शब्द. अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत. हजारो वर्षांपासून हा गडद निळा दगड तिथून जगभर जातो. निळ्या अंगावर पांढऱ्या शिरा आणि सोनेरी ठिपके ही त्याची ओळख. सोनेरी ठिपके सोन्याचे नसतात, ते लोह आणि गंधकाच्या खनिजाचे असतात.

दगडाबरोबर नावही फिरले. अरबीत ते 'लाझवर्द' झाले. युरोपात पोहोचल्यावर सुरुवातीचा 'ल' लोकांना शब्दाआधी लागणारे उपपद वाटला आणि तो गळून पडला. त्यातून फ्रेंच 'अझूर', स्पॅनिश 'अझुल' आणि इंग्रजी 'अ‍ॅझ्युअर' हे शब्द आले. संस्कृत रसशास्त्रात या दगडाला 'राजावर्त' म्हणतात. उर्दूत 'लाजवर्दी' म्हणजे गर्द निळा. ताजमहालाच्या संगमरवरात जडवलेल्या दगडांतही लाजवर्द आहे.

फर्दापूरशी तर त्याचे नाते फार जुने. अजिंठ्याच्या चित्रांतले लाल, पिवळे, हिरवे रंग इथल्याच माती-दगडांचे आहेत, काळा काजळीचा. पण पाचव्या शतकातल्या चित्रांमधली निळाई लाजवर्दाची आहे. तो दगड दूरच्या मुलखातून, व्यापाऱ्यांच्या हातून या घाटापर्यंत आला होता.

आपल्या घरातही तो वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. 1828 साली फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला लाजवर्दाचा रंग कृत्रिम रीतीने बनवल्याबद्दल बक्षीस मिळाले. पुढे ही भुकटी स्वस्त झाली. जुम्म्याचा पांढरा कुर्ता धुताना अम्मी बादलीत जी नीळ टाकायची, ती बहुधा हीच. 'नीळ' हे नाव मात्र मुळात एका झाडाच्या रंगाचे.

आता त्या माळेकडे येतो. सगळे मणी एकसारखे निळे, पांढरी शीर नाही, सोनेरी ठिपका नाही. बहिणीकडून नखपॉलिश काढण्याचे औषध आणले, कापसाने एक मणी पुसला. कापूस निळा झाला.

भाचा म्हणाला, "मामू, मीही घाऊक माल याच नावाने घेतला. आणि रंगवलेला दगड म्हटलं तर कोण घेणार?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. पर्यटकांचा हंगाम चार महिन्यांचा, घरात खाणारी सहा तोंडे. मग त्याला मदीनेच्या बाजारातली हकिकत सांगितली. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. माल विकू नका, असे त्याला सांगितले नव्हते. दोष झाकू नका, एवढेच सांगितले होते.

भाचा बराच वेळ गप्प बसला. संध्याकाळी त्याने चिठ्ठी बदलली: 'रंगवलेली निळी माळ'. भावही उतरवला. परवा फोनवर म्हणाला, "मामू, विक्री थोडी कमी आहे. पण स्टिलबाइट आणि अपोफिलाइट आपल्याच डोंगराच्या दगडातले, ते खरे आहेत, ते पुढे मांडलेत."

अंगठीतला वा माळेतला दगड कोणाचे नशीब बदलत नाही, हे आपण जाणतोच. पण त्याला दिलेले नाव खरे की खोटे, याचा हिशेब मात्र आपल्याला द्यावा लागणार आहे.