विषय : संकीर्ण

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मी युद्धशास्त्राच्या पुस्तकांत लावलेली पाहिली आहे. एका विद्यापीठाचं ग्रंथालय, संगणकाचा पडदा आणि विषयाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत ‘युद्ध – इतिहास’. चक्रधर आणि हेर्टा यांची बोटीवरची प्रेमकथा कुठल्या लढाईच्या इतिहासात मोडते, हे विचारायची सोय नव्हती. नोंद करणाऱ्याने पुस्तक उघडलंच नव्हतं. मुखपृष्ठ बघितलं, नाव टंकलं, नावावरून विषय ठोकला आणि हात पुढच्या पुस्तकाला. मी चूक दाखवली तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, डेटा एजन्सीने भरलाय.”

नोंद करणाऱ्या त्या बापड्याने निदान काहीतरी लिहिलं तरी. एरवी हा रकाना कोरा असतो, नाहीतर त्यात ‘मराठी’, ‘साहित्य’, ‘इतर’ आणि या सगळ्यांचा आजोबा ‘संकीर्ण’ बसलेला असतो. संगणकीय ग्रंथनोंदींच्या मार्क पद्धतीत ६५० क्रमांकाचं क्षेत्र खास विषयशीर्षकासाठी राखलेलं आहे. कोहासारखी फुकट मिळणारी ग्रंथालय-प्रणालीही ते क्षेत्र देते. भरायला मात्र माणूस लागतो, त्याने पुस्तकाची प्रस्तावना आणि अनुक्रमणिका चाळावी लागते, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

यावर हुशार मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे: “आता शोध मारला की सगळं सापडतं.” मारून बघा. ‘महाभारत’ टाका, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ येणार नाही, कारण शीर्षकात महाभारत नाही. ‘दलित आत्मकथन’ टाका. ‘बलुतं’ येणार नाही, ‘उपरा’ही नाही. मराठी लेखक विषय सांगणारी नावं ठेवत नाहीत, हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. बरं, नाव पाठ आहे म्हणून ‘युगांत’ असं अनुस्वाराने टाकलंत, तर ‘युगान्त’ सापडेलच याची खात्री नाही. आणि युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी? फॉन्ट गेला, आता तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल उरलाय. तो उपसायला पुन्हा निविदा निघते. काम तेच, बिल दुसरं.

लेखकांच्या नावांची तऱ्हा याहून भयंकर. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. ‘गोविंदाग्रज : पाहा गडकरी’ एवढी एक निर्देशक नोंद घातली की काम भागतं. ती न घातल्यामुळे आमच्या तालिकांत हे तीन स्वतंत्र गृहस्थ नांदतात. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचीही एकमेकांशी ओळख नसते. आरती प्रभूंना ‘स्त्री-साहित्य’ या कपाटात जागा मिळाली नसेल, तर ते निव्वळ नशीब.

हे कौशल्य आपल्याकडे कधी नव्हतंच, असंही म्हणायची सोय नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची वर्गवार सूची केली, तेव्हा कुणाकडे संगणक नव्हता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी वर्गांकाच्या एकेका कडीवरून विषयशीर्षकं काढायची साखळी पद्धत दिली. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर घोकतो, पास होतो, नोकरीला लागतो आणि रकान्यात ‘संकीर्ण’ लिहितो.

तिकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन, नोंदवून अमेरिकेला धाडतंय. मराठी पुस्तकंही त्यात असतात. त्यामुळे इथल्या कादंबरीचा विषय वॉशिंग्टनमध्ये नीट लावलेला सापडतो आणि ती जिथे छापली त्या शहरात सापडत नाही. अमेरिकेत विषयशीर्षकांवरून भांडणं होतात. ‘इल्लीगल एलियन्स’ हे शीर्षक माणसांचा अपमान करतं, म्हणून डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये आवाज उठवला. २०१६ मध्ये ते बदलायचं जाहीर होताच प्रकरण थेट अमेरिकी संसदेत गेलं, आणि बदल व्हायला २०२१ उजाडलं. एका शीर्षकासाठी सात वर्षं! आपल्याकडे भारूड, बखर, पोवाडा, लावणी सगळं ‘लोकसाहित्य’ या एका डब्यात कोंबलं, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. भांडायला आधी शीर्षक तरी हवं ना.

दोष एकट्या ग्रंथपालाच्या माथी मारणार नाही. निम्म्या जागा रिकाम्या ठेवून उरलेल्यांना परीक्षेच्या कामाला जुंपणारे वर बसलेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की रातोरात ‘संपूर्ण संगणकीकरण’ होतं. एजन्सीला पैसे नोंदीमागे मिळतात, नोंद बरोबर असण्याचे नव्हेत. मग ती पाट्या टाकणार नाही तर काय करणार? समिती आकडा बघते, चहा पिते, जाते. तिच्यातल्या कुणीही आजवर एखादा विषय टाकून पुस्तक शोधून दाखवा, असं म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढच्या निविदेत एकच कलम घाला. केलेल्या नोंदींतल्या वाटेल त्या शंभर उचलायच्या, पुस्तक हातात घेऊन विषय ताडायचा, दहाच्या वर चुकल्या तर बिल परत. एजन्सी बोंब मारेल. मारू द्या. आणि ताडायला बसणारा माणूस पुस्तक वाचणारा हवा. तो कॉलेजात कोण आहे, हे प्राचार्यांना ठाऊक नसेल तर शिपायाला विचारावं. त्याला नक्की ठाऊक असतं.