मीनाचा काना कुठे गेला?

ज्या घरात कॉम्प्युटर शिकणारं मूल आहे, तिथे हल्ली 'पायथन' हा शब्द कानावर पडतोच. पाठोपाठ 'आई, तुला नाही कळायचं' हेही येतं. मैत्रिणींनो, हे आपण फारच लवकर मान्य करतो.

वस्तीतल्या मुलींच्या वर्गात मी बसते. तिथे एक धडा असतो, शब्दातली अक्षरं अदलाबदल करण्याचा. पायथनमध्ये एकदा तयार झालेल्या शब्दात, म्हणजे 'स्ट्रिंग'मध्ये, परस्पर अक्षर बदलता येत नाही. मग माळ सोडून मणी ताटात काढायचे, दोघांच्या जागा बदलायच्या आणि नवी माळ ओवायची. ताट म्हणजे 'लिस्ट', ओवणं म्हणजे 'जॉइन'. दोन वाट्यांतलं दूध आणि ताक बदलायला आपल्याला तिसरी रिकामी वाटी लागते. पायथनमध्ये ते एका ओळीत होतं. यात न कळण्यासारखं काय आहे?

गंमत पुढेच आहे. उदाहरणं सगळी इंग्रजी असतात. मराठी नाव घालून बघा. 'कमल'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर बदललं की 'लमक' होतं, ठीक. पण 'मीना'चं बदला, काना सुटून शब्दाच्या पुढे एकटाच लोंबकळतो! आपल्याला मीना दोन अक्षरी. पायथनच्या हिशेबी चार – म, वेलांटी, न, काना. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून स्ट्रिंग युनिकोडची आहे, देवनागरी तिला वर्ज्य नाही. मात्र युनिकोडमध्ये काना-वेलांटीला स्वतंत्र क्रमांक असतो. मात्रेसकट अक्षर मोजायची सोय आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. आणि ज्याने मराठी नाव कधी घालूनच पाहिलं नाही, त्याला ती सुचणार कशी?

हा नुसता खेळ नाही. रेशनकार्डावर एक नाव आणि पेन्शनच्या कागदावर वेलांटी चुकलेलं दुसरं, एवढ्यावरून हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहते. मी तीच, हे बाईनेच सिद्ध करायचं. प्रत्येक चूक प्रोग्रॅमचीच असते असं नाही; टाइप करणाऱ्याचीही असते. पण उद्याचे प्रोग्रॅम आपलीच मुलं लिहिणार आहेत. त्यांना आपली नावं नीट हाताळता यायला नकोत?

तेव्हा आज मुलांना सांगा, आजीचं नाव उलटं करून दाखव. काना सुटला, तर 'का रे?' म्हणून जरूर विचारा.