आधी ऐका, मग वर पाहा!

मंडळी, टूकन पक्षी चित्रात आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. काळं अंग, पिवळा गळा आणि तोंडावर मुखवटा चढवल्यासारखी भलीमोठी चोच. पण खऱ्या जंगलात तो आधी दिसत नाही, आधी ऐकू येतो.

समजा, तुम्ही मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, सारापिकीच्या जंगलात उभे आहात. पहाटेची वेळ, पानापानांतून पाणी ठिबकतंय. इतक्यात उंच शेंड्यावरून कुणीतरी ओरडू लागतं. तिथली माणसं म्हणतात, टूकन स्पॅनिशमध्ये ‘दिओस ते दे’ म्हणतोय, म्हणजे ‘देव तुला देवो’. आपला पावशा नाही का शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ सांगत? तसंच हे!

अनेकांना तो आपल्या धनेशाचा भाऊ वाटतो. चोच तशीच मोठी असली तरी त्यांचं जवळचं नातं नाही. टूकनचा खरा भाऊबंद आहे तो उन्हाळ्यात ‘टुक टुक’ करणारा आपला तांबट.

एवढी चोच जड होत नसेल का? नाही. आत स्पंजासारखं पोकळ हाड आणि वर आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचं पातळ आवरण. 2009 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की टोको टूकन चोचीतला रक्तप्रवाह कमी-जास्त करून अंगातली उष्णता बाहेर टाकतो.

या चोचीवर जंगलही अवलंबून आहे. तिथे आपल्या जायफळाच्या कुळातली झाडं आहेत. त्यांच्या बियांवरची लाल जायपत्री टूकनला फार आवडते. तो बी गिळतो, जायपत्री पचवतो आणि अख्खी बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. झाडाखालीच पडलेल्या बहुतेक बिया किडे फस्त करतात. दूर पडलेलीला जगण्याची संधी मिळते.

म्हणूनच जानेवारी 2015 मधली बातमी कोस्टा रिकाला हादरवून गेली. कुणीतरी एका टूकनची वरची चोच तोडली होती. लोकांनी त्याला ‘ग्रेसिया’ नाव दिलं. पुढच्या वर्षी त्याला थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली चोच बसवली गेली. लोकांचा संताप शांत झाला नाही आणि 2017 मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध देशात कडक कायदा आला.

तेव्हा कधी तिकडे गेलात, तर फोटोसाठी टूकनला केळी दाखवून बोलावू नका, मोबाईलवर त्याचा आवाजही वाजवू नका. फळांनी लगडलेलं झाड शोधा आणि गप्प उभे राहा. तो येईल, त्याच्या वेळेला.

आणि तिकीट काढणं जमणार नसेल, तर उद्या सकाळी खिडकी उघडा. जवळच्या वडा-पिंपळावर तांबट आहे का, कान देऊन ऐका. टूकनच्या घरचंच कुणीतरी भेटेल!