झोन आला, झोन आला!

मराठी वर्तमानपत्रांत वर्षाकाठी दोन-तीनदा तरी एक बातमी येतेच. गाव बदलतं, कॉलेज बदलतं, बाकी मजकूर तोच. अमुक खाडीच्या चिखलात, तमुक खारफुटीच्या मुळाशी, नाहीतर एखाद्या देवराईच्या मातीत असा एक जिवाणू सापडला आहे की त्याच्यात कर्करोग, क्षयरोग आणि मधुमेह (हो, तिन्ही!) बरे करण्याची क्षमता आहे. सोबत फोटो. पांढरे कोट घातलेली मुलं, मधोमध प्राचार्य आणि त्यांच्या हातात झाकण काढलेली पेट्री डिश. मग ती बातमी आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. कुणीतरी हात जोडतं, कुणीतरी लिहितं की आपल्या मातीतच सगळं आहे पण आपल्यालाच किंमत नाही. आणि मग आत्याचा फोन येतो, "काय गं, तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकलीस ना, खरं का हे?"

दर वेळी तेच उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. आत्या, हे तुझ्यासाठीच आहे, पण सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

तर, सापडतं काय? मातीचा चिमूटभर नमुना पाण्यात ढवळून, पातळ करून खाद्य घातलेल्या आगरच्या प्लेटवर पसरतात. आठ-दहा दिवसांनी त्यावर खडूच्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या, आगरात घट्ट रुतलेल्या वसाहती उगवतात. हे ॲक्टिनोमायसीट. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो ना, तो मुख्यत्वे यांच्या जिओस्मिनचा. मग त्यातली एक वसाहत उचलून दुसऱ्या प्लेटवर रोगजंतूंच्या शेजारी लावायची. तिच्याभोवती रोगजंतू वाढले नाहीत तर स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. यालाच झोन ऑफ इनहिबिशन म्हणतात, आणि तो आला की प्रयोगशाळेत पेढे.

आता गंमत बघा. झोन लिंबाच्या रसानेही येतो, व्हिनेगरनेही येतो. अर्क काढायला वापरलेलं द्रावक नीट उडवलं नसेल तर नुसत्या द्रावकानेही येतो. कर्करोगाचं तर त्याहून सोपं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशी बिचाऱ्या नाजूक. पुरेशा मात्रेत काहीही ओता, मरतात. साबणानेही मरतात. म्हणून कुणी साबण खात नाही. औषध ठरायचं तर अगदी सूक्ष्म मात्रेत रोगजंतू किंवा कर्कपेशी मारायला हव्यात आणि बाकीचा माणूस जिवंत राहायला हवा. ही दुसरी अट त्या बातम्यांत कुठेच नसते.

समजा झोन खरा आहे, जिवाणू खरंच काहीतरी बनवतोय. तरी ते नवीन आहे कशावरून? रिचर्ड बाल्ट्झ नावाच्या संशोधकाने यावर अंदाजी आकडे मांडलेले आहेत. मातीतले कुठलेही दहा ॲक्टिनोमायसीट उचला, त्यात साधारण एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवणारा निघतो. शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिन बनवतो. हजारात एक टेट्रासायक्लिन. व्हॅन्कोमायसिन लाखात एक-दोन, आणि डॅप्टोमायसिन कोटीत एक. स्ट्रेप्टोथ्रिसिन वॅक्समनच्या प्रयोगशाळेत १९४२ मध्येच सापडलं होतं, आणि मूत्रपिंडाला घातक म्हणून बाजूलाही ठेवलं गेलं होतं. म्हणजे आपल्या गावच्या तळ्याच्या मातीत जो झोन आला तो बहुतेक वेळा आजोबांच्या काळातल्याच एखाद्या रसायनाचा असतो. हे ओळखण्याचं काम म्हणजे अर्क मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालून हजारो ज्ञात रसायनांशी ताडून बघणं. काम कंटाळवाणं आहे, खर्चिक आहे, आणि त्याचा शेवट दहातल्या नऊ वेळा "हे जुनंच आहे" असा होतो. त्याची बातमी कोण छापणार? म्हणून ते केलंच जात नाही. झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, कोष्टक करायचं, शोधनिबंध छापायचा, पुढच्या वर्षी पुढची खाडी.

माझं भांडण विद्यार्थ्यांशी नाही. एम.एस्सी.च्या पोराला सहा महिन्यांत आणि महिन्याला दोन प्लेट-पॅकेट इतक्या बजेटमध्ये दुसरं काय करता येणार? माझं भांडण या पहिल्या, सगळ्यांत स्वस्त पायरीलाच "शोध" म्हणायच्या आपल्या सवयीशी आहे. आणि "आपल्या मातीतच सगळं आहे" या वाक्याशी तर आहेच आहे. कारण माती आपल्याकडे कधीच कमी नव्हती!

पिंपरीचंच घ्या. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली, १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागलं. एवढंच केलं असतं तरी पुष्कळ होतं. पण तिथे डॉ. थिरुमलाचार नावाचे बुरशीतज्ज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतून जिवाणू शोधायचा रीतसर कार्यक्रम चालवला. त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीनाशक हॅमायसिन निघालं. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपली पिंपरी, लॅटिन वेष घालून! नंतर पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन निघालं. सरकारी कारखान्यात, साठ वर्षांपूर्वी, सापडल्यापासून बाटलीत भरून विकण्यापर्यंतचा सगळा प्रवास एका आवारात. जमलं, कारण जिवाणू शोधणारा, रसायन शुद्ध करणारा, टाकीत वाढवणारा आणि प्राण्यांवर तपासणारा अशी सगळी माणसं एका पगारपत्रकावर होती. त्याच कंपनीबद्दल डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने काय ठरवलं, तर जादा जमीन विकून देणी फेडायची आणि कंपनीही विकायला काढायची. त्या दिवशी कुठल्या ग्रुपवर कुणी हात जोडल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट मुलुंडची, ती तर फार थोड्यांना ठाऊक असेल. तिथल्या मिठागराच्या मातीतून एक बॅसिलस वेगळा केला गेला. हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र मुलुंडलाच होतं, म्हणजे मातीही इथली आणि काम करणारे हातही इथलेच. त्या बॅसिलसच्या मर्सासिडिन नावाच्या रसायनावरचे निबंध १९९२ च्या सुमारास आले. जिवाणूंची भिंत बांधायला लागणारी एक वीट असते, लिपिड-दोन म्हणतात तिला. व्हॅन्कोमायसिनही तीच वीट पकडतं, पण हे रसायन ती वेगळ्या बाजूने पकडतं. उंदरांमध्ये तर त्याने एमआरएसए या चिवट जंतूचा संसर्गही आटोक्यात आणला होता. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आणि निबंधांत मर्सासिडिनचं नाव येतं. औषधाच्या दुकानात मात्र ते कधीच आलं नाही. सापडणं आणि औषध होणं यांच्यात जे पंधरा वर्षांचं, शेकडो कोटींचं वाळवंट असतं, त्यात ते विरून गेलं. केंद्र १९९८ मध्ये एका भारतीय कंपनीकडे गेलं. मिठागरांवर आता कुणाचा डोळा आहे ते मुंबईकरांना सांगायला नको.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की परदेशी कंपन्या आपली माती चोरून नेतात. बरोबर आहे, नेल्या आहेत. फिलिपीन्सच्या अबेलार्डो अग्विलार या डॉक्टरने १९४९ मध्ये इलोइलोची माती एलाय लिली कंपनीला पाठवली. त्यातून एरिथ्रोमायसिन आलं, जगभर खपलं आणि अग्विलार १९९३ मध्ये रॉयल्टीचा एक पैसाही न मिळता गेले. ईस्टर बेटावरून १९६४ च्या मोहिमेत आणलेल्या मातीतून रॅपामायसिन निघालं, बेटावरच्या लोकांना काही मिळालं नाही. (रॅपामायसिनवर काम करणारे सुरेन सेहगल आपल्या बनारस हिंदू विद्यापीठाचे. कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं, म्हणून ते १९९९ मध्ये औषध होऊ शकलं. त्यांच्यावर एक वेगळी पोस्ट लिहायची आहे, असो.)

पण याच जगात सातोशी ओमुराही आहेत. खिशात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन फिरणारा माणूस. जपानमधल्या कावाना इथल्या एका गोल्फ मैदानाजवळची माती त्यांनी उचलली, त्यातला जिवाणू १९७४ मध्ये मर्क कंपनीला पाठवला. त्यातून आयव्हरमेक्टिन आलं, २०१५ मध्ये नोबेल आलं. फरक मातीत नव्हता. जिवाणू पाठवण्याआधी ओमुरांच्या हातात करार होता, त्या जिवाणूचा त्यांनी स्वतः अभ्यास केलेला होता आणि मूळ स्ट्रेन त्यांच्या संस्थेच्या कपाटात सुरक्षित होता. रॉयल्टीतून किताझातो संस्थेने चक्क हॉस्पिटल बांधलं. चोरी होऊ नये म्हणून आपण २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला, चांगलंच केलं. पण कायद्याच्या कुलपाआड ठेवायला कपाटात काहीतरी हवं की नको?

समुद्राबद्दलही तेच रडगाणं, फक्त खारट. बहामाजच्या समुद्रतळाच्या गाळातून स्क्रिप्स संस्थेच्या फेनिकल आणि जेन्सन यांना सॅलिनिस्पोरा सापडला. समुद्राच्या पाण्याशिवाय तो वाढतच नाही, म्हणून नेहमीच्या प्लेटवर आधी कुणाला दिसलाच नव्हता. त्याचं सॅलिनोस्पोरामाइड २००३ मध्ये जाहीर झालं, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि मेंदूच्या गाठीवरच्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य वाढवलं नाही. जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांत हे असं होतं. आपल्याकडे पाच मिलिमीटरच्या झोनवर कर्करोग बरा होतो.

"पण काय गं, एवढी खिल्ली कशाला? पोरांना उत्साह तरी येतो." ही काकूची प्रतिक्रिया मला आधीच ऐकू येते आहे. खिल्ली नाही काकू, राग आहे. आपल्याच घरातल्या एका वयस्क माणसाचा लघवीचा कल्चर रिपोर्ट गेल्या वर्षी मी वाचला. औषधांची सतरा नावं आणि एक सोडून सगळ्यांसमोर "रेझिस्टंट". उरलेलं एक म्हणजे कोलिस्टिन. तेही मातीतल्याच जिवाणूचं, १९५० च्या आसपासचं, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी जवळजवळ सोडून दिलेलं आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आणलेलं. ते माणूस वाचलं. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली असा अंदाज आहे, त्यांचं तसं झालं नाही. नवीन औषधांची गरज इतकी खरी आहे. म्हणूनच खोट्या शोधांचं कौतुक मला सोसत नाही.

आणि कंपन्यांना दोष देऊन भागत नाही, कारण गणितच उलटं आहे. नवं प्रतिजैविक शक्यतो वापरू नये, राखून ठेवावं, असंच डॉक्टर म्हणणार. मग कंपनीने खायचं काय? अमेरिकेतल्या एकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ते औषध मग सिप्लाने विकत घेतलं, पन्नास लाख डॉलरलासुद्धा नाही. मुंबईत तेवढ्यात टॉवरमधले किती फ्लॅट येतात ते तुम्हीच बघा. उलट वोखार्टचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा सरकारनेच सांगितलं की त्यामागे १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये आहेत. आणि ते कशापासून बनलं? एरिथ्रोमायसिनपासून. म्हणजे अग्विलार डॉक्टरांच्या इलोइलोच्या मातीपासून, पंचाहत्तर वर्षांनी. बातमी बघायची असेल तर ही आहे. चौदा वर्षं टिकून राहिलेल्या लोकांचा फोटो काढा ना.

आता मला सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट. मी शिकले त्या विभागात दर मे महिन्यात एक विधी व्हायचा. तोंडी परीक्षा संपली की फ्रिज रिकामा करायचा. नव्या बॅचला जागा हवी! वर्षभरात कोकणातून, सह्याद्रीतून, मिठागरांतून आणलेले शंभर-दीडशे जिवाणू, त्यांच्या नळ्यांवर मुलांच्या हस्ताक्षरातले क्रमांक, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं, मग बेसिन. छापलेल्या निबंधात क्रमांक राहायचे, जिवाणू नाही. कुणी दहा वर्षांनी चांगलं यंत्र घेऊन परत तपासायचं म्हटलं तर तपासणार काय? आणि तपासण्याजोगं पुष्कळ असतं. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जनुकसंच वाचला तेव्हा कळलं की जो चार-पाच रसायनं बनवताना दिसतो त्याच्याकडे वीसहून अधिक रसायनांच्या पाककृती आहेत, बहुतेक मिटून ठेवलेल्या. झोन न दाखवणाऱ्या नळीतही काहीतरी असू शकतं. पुण्यात एनसीएलमध्ये एनसीआयएम आहे, एनसीसीएसचं सूक्ष्मजीव संग्रहालय आहे (आता त्याला एनसीएमआर म्हणतात), हे काम तिथे आयुष्यभर करणारी माणसं आहेत. पुण्यातल्याच किती विभागांतून तिथपर्यंत नळ्या जातात, ते विचारून बघा.

ताईच्या मुलीचा प्रकल्प यंदा खारफुटीच्या चिखलावर आहे आणि तिच्याकडे चौदा नळ्या आहेत असं परवा कळलं. तिचा झोन किती मिलिमीटर आला ते मी विचारलेलं नाही. ताई, तिला एवढंच सांग: वीस टक्के ग्लिसरॉल, प्रत्येकाच्या दोन-दोन कुप्या, उणे ऐंशीचा फ्रीजर शेजारच्या विभागात असतो, मागून घ्यायचा. लेबल पेन्सिलने, शाई पुसली जाते. नमुना कुठून, कुठल्या तारखेला, भरतीला की ओहोटीला घेतला, तेही वहीत. दोन तासांचं काम आहे, पण फ्रिज रिकामा करायच्या आत झालं पाहिजे.