पंचनाम्यात संबळाला रकाना नाही

पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

सप्टेंबर 2025 चा पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. सिंदफणा फुगली, जायकवाडीतून पाणी सुटलं, गेवराई तालुक्यातली गोदाकाठची गावं पाण्यात गेली. घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. म्हणजे आमच्या तलवाड्याच्या डोंगरावर त्वरिता देवीचे घट बसले आणि खाली शिवारं बुडत होती.

नवरात्र ते दिवाळी आणि पुढे लग्नसराई, हाच गोंधळी, आराधी, भराडी, हलगीवाल्यांचा कमाईचा हंगाम. वर्षाची मीठमिरची यातूनच निघते. ऐन त्या वेळी घरात पाणी शिरलं. संबळाचं कातडं भिजलं की सैल पडतं, नंतर कुजतं. पेटीचे सूर गंजतात, भात्याचा चिकटवलेला जोड सुटतो. मृदंगाची पुडी तर गेलीच समजा. पिढीजात वहीत हाताने उतरवलेली कवनं असतात, त्यांचा लगदा होतो. संबळ नवा घेता येतो हो, वही कुठून आणणार?

तलाठी आले, पंचनामे झाले. कुणाला दोष देत नाही, त्यांनी चिखल तुडवत काम केलंय. पण नमुन्यात काय असतं? घर, जनावर, शेत, विहीर, दुकान. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात पीक आलं, खरडलेली जमीन आली, दुकानदार आला. आता हा गोंधळी बहुतेक वेळा भूमिहीन. सातबारा नाही, दुकान नाही. घरात पाणी शिरल्याचे पैसे मिळाले तर मिळाले, पण ज्यावर पोट आहे त्या वाद्याची नोंद कुठेच नाही.

आपत्ती निधीच्या केंद्राच्या निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांना खराब झालेल्या अवजारांसाठी 5,000 आणि कच्च्या-पक्क्या मालासाठी 5,000 रुपयांची तरतूद आहे. विणकराचा माग अवजार आहे, तर गोंधळ्याचा संबळ काय शोभेची वस्तू आहे का?

कुणी म्हणेल, शेतकरी मेटाकुटीला आलाय आणि तुम्हाला गाणंबजावणं सुचतंय. अहो, शेतकऱ्याचं सोयाबीन गेलं की पहिला रद्द होतो तो जागरण-गोंधळ. सप्त्याची वर्गणी आटते, लग्न साध्यात उरकतं. शेतकऱ्याचं नुकसान फिरून कलावंताच्याच दारात येतं. त्याची बॅग मात्र कुणी भरत नाही.

आणि सरकारला जमत नाही असंही नाही. कोविडमध्ये, ऑगस्ट 2021 ला, 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार द्यायचा निर्णय झाला होता. पूर यायच्या महिनाभर आधी, गणपतीच्या तोंडावर, 1,800 भजनी मंडळांना वाद्यं घ्यायला प्रत्येकी 25 हजारांचं अनुदान जाहीर झालं. ज्येष्ठ कलावंतांना महिना 5,000 मानधन आहेच, म्हणजे जिल्ह्याच्या याद्याही कुठेतरी तयार आहेत. (त्या यादीत नाव लागायला किती खेटे पडतात तो वेगळा विषय, त्यावर परत कधीतरी.) अमेरिकेत हस्तकलावंतांसाठी 1985 पासून असा आपत्ती निधी चालतो. आपल्याकडे रस्ता नवा पाडायची गरज नाही, पुराच्या पंचनाम्याला ही यादी जोडायची आहे.

माझी मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवा: वाद्ये, वेशभूषा, हस्तलिखित. कलावंत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव धरा, गावाला माहीत असतं कोण वाजवतं. मारुतीच्या देवळात ठेवलेलं भजनी मंडळाचं साहित्यही त्यात घ्या, ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं म्हणून सुटून जातं.

सरपंच मंडळींनी सरकारची वाट न पाहता या पावसाळ्याआधी आपल्या गावाची यादी करावी. मोबाईलमध्ये वाद्यांचे फोटो काढून ठेवा, वह्यांचं पानन् पान टिपून घ्या. आणि पाणी शिरलंच तर भिजलेला संबळ किंवा वही उन्हात टाकू नका. कातडं आकसून तडकतं, पानं चिकटतात. सावलीत, वाऱ्याला, पानांमध्ये कोरे कागद घालून हळूहळू वाळवा.

ज्यांच्या घरचं असं काही गेलंय त्यांनी खाली गावाचं नाव आणि काय गेलं ते लिहा. यादी घेऊन तहसीलला जाऊ.