पोथ्यांची साक्ष कुठवर?

वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत मात्र तो धावा मुख्य संहितेत नाही. गणपती व्यासांचा लेखक झाल्याची कथाही परिशिष्टात गेली आहे. यावरून एक पक्ष म्हणतो, पंडितांनी धर्मग्रंथाला कात्री लावली. दुसरा पक्ष खुशीत येऊन म्हणतो, पोथ्यापोथ्यांत एवढे फरक आहेत, तेव्हा ग्रंथच भाकड.

कात्रीचा आरोप टिकत नाही, कारण वगळलेला मजकूर कोणकोणत्या पोथ्यांत आहे या नोंदीसह तिथेच छापला आहे. शिवाय आपला रूढ पाठ तरी कुठून आला? कोपरगावच्या घराण्यातले नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला राहिले, त्यांनी देशोदेशीच्या पोथ्या जमवल्या आणि त्यांतून पाठ ठरवला. त्यांना कुणी पाखंडी म्हटले नाही. चिकित्सित आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचा मार्ग वेगळा एवढाच, की नीलकंठांचा ओढा चांगले ते सगळे सामावून घेण्याकडे होता आणि सुकथनकर प्रत्येक श्लोकाला त्याचा पुरावा विचारत होते.

दुसऱ्या पक्षाची चूक अधिक खोल आहे. या प्रकल्पात १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या, पण ही मतमोजणी नव्हे. एकाच प्रतीवरून शंभर नकला उतरल्या असतील, तर साक्षीदार एकच. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी यांची गोष्ट निराळी. मध्ये सगळा देश पसरलेला, लिप्या वेगळ्या, नकलाकारांचा एकमेकांशी संबंध नाही. तरीही एखाद्या जागी दोघींचा पाठ जुळतो, तेव्हा तो दोघींच्याही आधीचा असला पाहिजे. हे कळते ते पाठभेदांमुळेच. सगळ्या पोथ्या अक्षरशः एकसारख्या निघाल्या असत्या, तर मला उलट संशय आला असता.

तोलामोलाचा आक्षेप घेतला तो फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी: नीलकंठी पाठच छापा आणि खाली पाठभेद द्या. तोंडी वाढलेल्या काव्याला एक मूळ प्रत असतेच कशावरून, अशी शंका पुढे इतरांनीही घेतली. पण व्यासांची संहिता सापडल्याचा दावा सुकथनकरांनी केलेलाच नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितके मागे जाता येईल तितके जायचे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा.

आणि नेमके इथेच श्रद्धाळू उडी मारतात. पोथ्या इतक्या, म्हणून युद्ध झालेच! बायबलमधल्या नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांवरूनही चमत्कार असेच सिद्ध केले जातात. श्लोक कसा होता हे पोथी सांगते. कुरुक्षेत्रावर काय घडले हे तिला ठाऊक नाही. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९५० ते १९५२ मध्ये हस्तिनापूर खणले. तिथल्या राखाडी चित्रित खापरांवरून युद्ध झाले की नाही असा वाद घालायचा तर खुशाल घालावा, पण त्या वादात शारदा पोथीला साक्षीला ओढू नये.